लोणारच्या पाण्यांतील वीज

बुलढाणा जिल्ह्यांत राहून ज्यानें लोणारचें सरोवर पाहिलें नाहीं असा विद्यार्थी आमच्या विद्यालयांत विरळाच सांपडेल. सहलीच्या दिवशीं कांठावरून खालीं पाहतांना मुलांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो त्या प्रचंड खळग्याविषयीं, दुसरा पाण्याच्या उग्र वासाविषयीं, आणि तिसरा त्याच्या हिरव्या रंगाविषयीं. पहिल्या दोहोंचें उत्तर शिक्षक तेथल्या तेथें सविस्तर देतात. तिसऱ्याचें मात्र "शेवाळ आहे" एवढ्या दोन शब्दांत उरकलें जातें. हे शब्द खोटे नाहींत, पण फार अपुरे आहेत. असल्या शेवाळापासून सूर्याची वीज मिळवितां येते, असें अलीकडे पुष्कळ बोललें व लिहिलें जातें. त्यासंबंधीं आमचें मत वाचकांपुढें मांडावें, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

ही वार्ता आमच्या जिल्ह्यांत पोंचली म्हणजे तिचे दोन परिणाम होतात. कोणी म्हणतो, "लोणारचें तळें आपलेंच आहे, त्यांतून साऱ्या जिल्ह्याला वीज पुरवूं." दुसरा हंसतो व म्हणतो, "शेवाळावर कधीं दिवा लागला आहे काय?" पहिल्यास आम्ही दोष देत नाहीं. ज्या शेतकऱ्यास विजेच्या पाळीमुळें ऐन थंडींत मध्यरात्रीं उठून, साप-विंचवाची व रानडुकरांची भीति मनांत बाळगीत, हरभऱ्यास पाणी द्यावयास जावें लागलें आहे, त्यास विजेची कोणतीही नवी वार्ता गोडच वाटणार. दुसऱ्यासही आम्ही मूर्ख म्हणत नाहीं. कारण ज्यानें पुष्कळ आश्वासनें ऐकलीं आहेत तो सहजासहजीं विश्वास ठेवीत नाहीं. परंतु दोघेही चुकतात, असें आमचें नम्र मत आहे. आणि कां चुकतात तें समजण्यास या विद्येचें मूळ आधीं पाहिलें पाहिजे.

झाडाचें हिरवें पान काय किंवा पाण्यांतील नीलहरित जीवाणु काय, उन्हांत दोघेही एकच काम करितात. त्यांच्या अंगांतील हरितद्रव्य सूर्याचा किरण झेलतें, आणि त्या किरणाच्या बळावर पाण्याचा रेणु फुटतो. त्यांतून तीन वस्तु निघतात. एक प्राणवायु, जो आपण श्वासावाटें घेतों. दुसरी हायड्रोजनचे धनभारित कण. आणि तिसरी विद्युत्कण, ज्यांस आपण इलेक्ट्रॉन म्हणतों. विहिरीच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसांनीं घागर हातोहात वर द्यावी, तसा हा विद्युत्कण पेशींतील द्रव्यांच्या सांखळींतून पुढें पुढें जातो, व अखेर साखर तयार करण्याच्या कामीं येतो. आतां विजेचा प्रवाह म्हणजे तरी दुसरें काय? विद्युत्कणांची वाहती रांगच. तेव्हां या सांखळींतून निसटणारे थोडे विद्युत्कण पेशीच्या बाहेर ठेविलेल्या धातूच्या अगर कार्बनच्या पत्र्यानें टिपून घेतले, ते तारेंतून फिरवून आणिले, आणि दुसऱ्या टोंकाशीं प्राणवायु व हायड्रोजनचे कण यांच्याशीं त्यांची पुन्हां गांठ घालून दिली, कीं फुटलेल्या पाण्याचें फिरून पाणी होतें आणि मधल्या तारेंत वीज मिळते. रात्रीं ऊन नसलें तरी हा प्रवाह अगदींच थांबत नाहीं; कारण दिवसां सांठविलेली साखर तो जीव रात्रीं खर्चितो, व त्या खर्चांतूनही विद्युत्कण सुटतात.

सूक्ष्म जीवांपासून वीज निघते हा शोध शंभराहून अधिक वर्षांचा जुना आहे. इंग्लंडांतील डरहॅम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक पॉटर यांनीं १९११ सालीं यीस्ट व जीवाणु यांच्या द्रवांत प्लॅटिनमचीं अग्रें बुडवून विजेचा दाब मोजला होता. त्यानंतर कित्येक वर्षें ही गोष्ट प्रयोगशाळेंतील एक कौतुक म्हणूनच राहिली. पुढें २०२२ सालीं केंब्रिज येथील संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यानें या विषयास पुन्हां सर्वांच्या डोळ्यांसमोर आणिलें. हातबत्तीच्या लहान सेलाएवढा त्यांचा घट होता. त्यांत सायनेकोसिस्टिस नांवाचे नीलहरित जीवाणु भरलेले होते, व त्याच्या विजेवर संगणकाचा एक बारीकसा मेंदू, ज्यास मायक्रोप्रोसेसर म्हणतात, सहा महिन्यांहून अधिक काळ चालला. पंचेचाळीस मिनिटें बेरजा कराव्या व पंधरा मिनिटें विसांवा घ्यावा, असा त्याचा क्रम होता. बेरजा करितांना त्यास ०.३ मायक्रोवॅट वीज लागे. या घटाचें एक अग्र ॲल्युमिनियमचें होतें. तेव्हां सारे विद्युत्कण जीवाणूंनींच दिले, कीं जीवाणूंच्या सहवासानें तो धातु झिजून त्यानें कांहीं दिले, याचा निर्णय अद्याप राहिला असल्याचें त्या संशोधकांनीं स्वतःच सांगितलें. शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा तो हाच. विद्यार्थ्यांनीं तो लक्ष्यांत ठेवावा.

मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लक्षावा भाग. हा आंकडा ऐकून थट्टा करणाऱ्यास आनंद होईल; परंतु थट्टेपेक्षां हिशेब बरा. भर दुपारीं निरभ्र आकाशांतून एका चौरस मीटर जमिनीवर सुमारें १००० वॅट शक्ति पडते. बाजारांत मिळणारी सिलिकॉनची सौर तबकडी तिच्यापैकीं सुमारें पांचवा हिस्सा, म्हणजे २०० वॅट, विजेच्या रूपानें देते. सूक्ष्म जीवांच्या घटानें आजवर केलेल्या नांवाजण्याजोग्या कामगिरींपैकीं एक केंब्रिजचीच आहे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या घटानें चौरस मीटरमागें अर्धा वॅट दिला, आणि तोही प्रयोगशाळेंतील चिमुकल्या यंत्रांत. आतां आमच्याकडील शेतकऱ्याचा तीन अश्वशक्तीचा पंप घेऊं. त्यास सुमारें २२४० वॅट लागतात. सौर तबकड्यांनीं तो चालवावयाचा तर, वाटेंतील नुकसान सोडून, अकरा-बारा चौरस मीटर जागा पुरते, एका खोलीएवढी. शेवाळाच्या घटांनीं चालवावयाचा तर जवळजवळ साडेचार हजार चौरस मीटर, म्हणजे एक एकर आणि वर चार गुंठे जमीन हिरव्या पाण्याच्या घटांनीं झांकावी लागेल. एका पंपासाठीं एक एकराहून अधिक रान गुंतविणारा शेतकरी या जिल्ह्यांत कोण आहे?

कोणी म्हणेल, शेत नको, तळेंच घ्या. त्याचाही हिशेब करूं. सरोवराच्या पाण्याचा व्यास सुमारें १.२ किलोमीटर धरिला तर त्याचें क्षेत्र ११ लक्ष चौरस मीटरांहून थोडें अधिक भरतें. त्यावरचा एकही चौरस मीटर मोकळा न ठेवितां घट पसरले, आणि प्रयोगशाळेंतील उत्तम फळ तेथेंही मिळालें असें मानिलें, तरी पंप चालतील सुमारें अडीचशें, आणि तेही ऊन चढतें असेल तेवढ्याच वेळीं. अडीचशें पंप म्हणजे एखाद्या मोठ्या गांवाच्या शिवाराची गरज. तेवढ्यासाठीं पृथ्वीवर ज्याच्या जोडीचें दुसरें क्वचितच सांपडेल असें सरोवर झांकून टाकावयाचें, हा व्यवहार कोणत्याही शहाण्या माणसास पटणार नाहीं. पंपास दिवसां वीज द्यावयाची तर तिचा मार्ग सिलिकॉनच्या तबकड्यांचा आहे. २०१७ सालीं सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेचें धोरण तेंच आहे, व तें आम्हांस योग्य वाटतें. शेतकऱ्याच्या रात्रीच्या हालांवर शेवाळाचें आश्वासन हें औषध नव्हे, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

येथवर वाचून थट्टेखोर वाचकाची खात्री झाली असेल कीं आम्ही त्याच्या पक्षाचे. तसें नाहीं. जी शक्ति पंप ओढूं शकत नाहीं ती निरुपयोगी, हें म्हणणें म्हणजे नांगर ओढतां येत नाहीं म्हणून मधमाशी निरुपयोगी म्हणण्यासारखें आहे. जगांत पुष्कळ कामें अशीं आहेत कीं त्यांस शक्ति फार थोडी लागते, पण ती वर्षानुवर्षें, कोणी सेल बदलावयास न जातां लागते. जमिनीची ओल मोजणें, पाण्याचा खारटपणा मोजणें, उष्णमान टिपून ठेवणें हीं तीं कामें होत. अमेरिकेंत पोटोमॅक नदीच्या तळच्या गाळांतील जीवाणूंच्या विजेवर हवामान टिपणारें एक तरंगतें यंत्र चालविण्यांत आलें. २००८ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्या यंत्रानें कोणाचें घर उजळलें नाहीं. पण हवेचें उष्णमान, दाब व आर्द्रता त्यानें इमानानें कळविली. अशा कामांत सूक्ष्म जीव प्रवीण ठरण्याची चिन्हें आहेत.

आतां लोणारकडे वळूं. दख्खनच्या काळ्या पाषाणांत अशनिपातानें झालेला हा खळगा सुमारें १.८ किलोमीटर रुंद व १५० मीटर खोल आहे. कांठच्या झऱ्यांचें व पावसाचें पाणी आंत येतें. बाहेर जावयास मात्र वाट नाहीं. पाणी वाफ होऊन जातें आणि क्षार मागें राहतात. असें सहस्रावधि वर्षें चाललें, म्हणून तें पाणी इतकें क्षारयुक्त झालें कीं त्याचा पी-एच आंकडा, जो शुद्ध पाण्याचा सात असतो, तो दहाच्या आसपास जातो. आमच्या पूर्वजांनीं ही संपत्ति ओळखली होती. कांच व साबण यांस लागणारें द्रव्य येथें मिळतें अशी नोंद अकबराच्या काळच्या आईन-ए-अकबरीत आहे. ज्या पाण्यांत मासा जगत नाहीं तें पाणी मेलेलें, असें आपण समजतों. प्रत्यक्षांत तें जीवांनीं गजबजलेलें आहे. त्यास हिरवा रंग देणारे जीव मुख्यतः आर्थ्रोस्पायरा जातीचे, ज्यांस बाजारांत स्पायरुलिना म्हणतात, ते नीलहरित जीवाणु होत. वर ऊन खाऊन ते वाढतात, मरतात व तळाशीं जातात. आणि तळच्या काळ्या गाळांत, जेथें ऊन पोंचत नाहीं व प्राणवायुही नाहीं, तेथें दुसऱ्या जातीचे जीवाणु त्यांच्या अवशेषांवर जगतात.

या दुसऱ्या जातींविषयीं सांगण्यासारखी गोष्ट अशी कीं विजेसंबंधीं लोणारचें नांव आधींच शास्त्रांत दाखल झालेलें आहे, आणि तें आमच्या जिल्ह्यांत फार थोड्यांस ठाऊक आहे. मोहाली येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं लोणारचा गाळ नेऊन, क्षार व मीठ यांनीं भरलेल्या पाण्यांत त्यांतील जीवाणु वाढविले. ते अग्रावर दाट थर करून बसले व खाल्लेल्या अन्नांतील विद्युत्कण त्या अग्रास देऊं लागले. हें काम २०२० सालीं प्रसिद्ध झालें. पुढें त्यांतून एक नवी जात वेगळी काढण्यांत आली. तिचें नांव जिओअल्कलिबॅक्टर हॅलइलेक्ट्रिकस. त्या नांवांत क्षारही आहे, मीठही आहे आणि वीजही आहे. लोणारच्या गाळाचें वर्णन याहून नेमकें काय करावें? कारखान्यांचें खारट व क्षारयुक्त सांडपाणी, ज्यांत इतर जीवाणु तग धरीत नाहींत, तें स्वच्छ करितां करितां वीज मिळविण्याच्या कामीं असे जीव उपयोगी पडावेत, हा या शोधामागील हेतु आहे. हे जीवाणु स्वतः ऊन खात नाहींत हें खरें. परंतु त्यांचें अन्न वरच्या हिरव्या जीवांनीं उन्हांतूनच केलेलें असतें. म्हणजे सूर्यापासून विजेपर्यंतची सारी सांखळी, वरचा हात आणि खालचा हात मिळून, आमच्या तळ्यांत निसर्गतःच उभी आहे.

आणि म्हणूनच खरा प्रश्न विजेचा नसून तळ्याचा आहे. जून २०२० मध्यें सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, तें पुष्कळांस आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाण्याचे नमुने तपासून, हा रंग हॅलोआर्किया नांवाच्या क्षारप्रिय सूक्ष्म जीवांचा असल्याचें सांगितलें. पाणी कमी झालें, खारटपणा वाढला, आणि ज्यांस तो मानवतो त्यांचें राज्य झालें. पुढें पावसानें खारटपणा उतरतांच तो रंगही निवळला. यावरून एवढें ध्यानांत येतें कीं या सरोवरांतील जीवसृष्टि क्षाराच्या तराजूवर तोललेली आहे. तराजूचें पारडें उन्हानें हललें तर पाऊस तें सांवरतो. पण गांवचें सांडपाणी व साबणाचें पाणी वर्षानुवर्षें आंत येऊं लागलें तर तें कोणी सांवरावें? ही तक्रार जुनी आहे. ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेली आहे. २००० सालीं हा परिसर अभयारण्य झाला. २०२० च्या नोव्हेंबरांत सरोवरास रामसर यादींत स्थान मिळाल्याचें जाहीर झालें. या गोष्टी गौरवाच्या आहेत. परंतु पाटी लावल्यानें पाणी स्वच्छ राहत नाहीं, हें आम्ही इतरत्र पुष्कळदां पाहिलें आहे.

कोणी विचारील, ज्या जीवांची वीज एका दिव्यास पुरत नाहीं त्यांच्यासाठीं एवढी चिंता कां? त्यास आम्ही अमेरिकेंतील यलोस्टोनच्या उन्हाळ्यांकडे बोट दाखवितों. तेथल्या ऊन पाण्यांतील थराकडे पाहून प्रवासी नाक मुरडीत असत. त्यांत राहणारा थर्मस ॲक्वाटिकस नांवाचा जीवाणु १९६९ सालीं शास्त्रज्ञांनीं वर्णिला. तेव्हां त्याचा उपयोग कोणासच सांगतां आला नसता. पुढें त्याच्यापासून मिळालेल्या द्रव्यावर आनुवंशिक द्रव्याच्या प्रती काढण्याची रीत उभी राहिली. आणि २०२० सालच्या महामारींत नाकाघशांतील नमुन्यावरून रोग ओळखला जाई तो याच रीतीनें. यलोस्टोनचें रान १८७२ सालींच राखून ठेविलेलें होतें, म्हणून तो जीव मिळाला. ज्यांनीं तें राखिलें त्यांस जीवाणूची कल्पनाही नव्हती. त्यांनीं केवळ ईश्वराची एक अद्भुत कृति बिघडूं नये एवढेंच पाहिलें. लोणारच्या बाबतींत आमचें कर्तव्य यापेक्षां वेगळें नाहीं.

मग आम्ही करावें काय? आमची सूचना मोठी नाहीं. सरोवराच्या कांठीं, अधिकारी व शास्त्रज्ञ यांच्या संमतीनें व देखरेखीखालीं, त्याच गाळाच्या विजेवर चालणारें एखादें लहान यंत्र बसवावें. त्यानें पाण्याचा खारटपणा, पी-एच व उष्णमान टिपावें. आणि ते आंकडे लोणारच्या चौकांत व जिल्ह्यांतील शाळांत सर्वांस वाचावयास मिळावेत. साऱ्या जिल्ह्यास दिवे देण्याचें काम त्या जीवांस सांगूं नये. आपल्या घराची पाहणी करण्याचें काम मात्र खुशाल सांगावें. तळ्याची प्रकृति बिघडत चालली तर तिची वर्दी तळ्यानेंच द्यावी, आणि तें वाचणाऱ्या शेंकडों मुलांनीं ती मोठ्यांच्या कानांवर घालावी. न्यायालयांत जें काम वर्षानुवर्षें चालतें त्यास अशा रोजच्या आंकड्यांची मदत झाली तर ती थोडी नव्हे.

आमच्या विद्यालयापुरतें सांगावयाचें तर आरंभ याच वर्षीं करितां येईल. लोणारचा गाळ मात्र कोणीं आणूं नये. तें अभयारण्य आहे, आणि शास्त्राच्या नांवानें केलेली नासधूसही नासधूसच. गांवच्या नाल्यांतील काळा चिखल पुरे. कांचेच्या बरणींत चिखल भरावा. त्यांत कार्बनची एक कांडी खोल पुरावी, दुसरी वरच्या पाण्यांत हवेजवळ ठेवावी, व दोहोंच्या तारा दाबमापकास जोडाव्या. थोड्या दिवसांनीं कांटा व्होल्टच्या कांहीं दशांशांइतका हलूं लागतो. शेजारीं दुसरी बरणी उकळून गार केलेल्या चिखलाची ठेवावी, म्हणजे जिवंत चिखल व मेलेला चिखल यांतील अंतर डोळ्यांस दिसेल. तिसरींत डबक्याचें हिरवें पाणी घालून तिचे आंकडे उन्हांत व अंधारांत निरनिराळे टिपावे. रोज एकाच वेळीं वाचन घ्यावें, वहींत लिहावें, आणि आंकडा मनासारखा आला नाहीं म्हणून खोडूं नये. वर्षअखेर ती वही कोणत्याही बक्षिसाहून मोलाची ठरेल. पुढच्या सहलींत तीच मुलें लोणारच्या कांठीं उभीं राहतील तेव्हां "शेवाळ आहे" या उत्तरावर त्यांचें समाधान होणार नाहीं, आणि हातांतील कागद किंवा बाटली त्या पाण्याकडे भिरकावण्यास त्यांचा हात उचलणार नाहीं.

प्रार्थनेच्या वेळीं मोहरीच्या दाण्याचा दाखला आपण पुष्कळदां ऐकतों. लहान वस्तूस तुच्छ मानूं नये, एवढा बोध आपण त्यांतून घेतों, आणि लगेच त्या दाण्याचा वृक्ष केव्हां होईल याची घाई करितों. लोणारच्या सूक्ष्म जीवांविषयीं आमची विनंति एवढीच कीं ही घाई करूं नये आणि तो दाणाही पायाखालीं तुडवूं नये. वृक्ष होईल कीं नाहीं हें काळ ठरवील. दाणा जिवंत राहील कीं नाहीं हें मात्र आमच्या हातांत आहे.